एकच दिग्दर्शक, दोन गेम, दोन न्याय

शिंजी मिकामी यांनी कॅपकॉम या जपानी गेम कंपनीसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’ (२००५) आणि ‘गॉड हँड’ (२००६) या दोन्ही व्हिडिओ गेममध्ये कॅमेरा नायकाच्या पाठीशी असतो आणि नायक रणगाड्यासारखा जागेवर वळतो. तरीही समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक संकेतस्थळावर पहिल्याची गेमक्यूब (निन्टेन्डोचा गेम कन्सोल) आवृत्ती शंभरपैकी ९६ गुणांवर आहे, तर दुसरा ७३ वर. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाने तर ‘गॉड हँड’ला दहापैकी अवघे ३ गुण दिले.

पहिल्यात नेम धरल्यावर पाऊलही टाकता येत नाही. पण मालिका नावाजलेली आणि प्रकार भयाचा, त्यामुळे हे बंधन थरार वाढवणारे ठरले. ‘गॉड हँड’च्या पाठीशी असा वारसा नव्हता आणि हाणामारीच्या गेममध्ये मोकळी हालचाल गृहीत धरली जात होती. वास्तविक तिथे कंट्रोलरवरील उजवी स्टिक (अंगठ्याने हलवायची कांडी) कॅमेऱ्यासाठी नसून वार चुकवण्यासाठी आहे: बाजूला ढकलल्यास नायक सरकतो, वर ढकलल्यास जागेवरच डोके हलवून ठोसे हुकवतो, खाली ओढल्यास मागे कोलांटी मारतो. ओसाड, एकसुरी परिसरावरील टीका रास्तच होती. नियंत्रणपद्धतीला मात्र, माझ्या मते, वेगळ्याच प्रकारच्या गेमच्या मापाने मोजले गेले.