उद्यमबागेतला कोअरवाला: पाचात साडेतीन
आमची बेळगावजवळ मच्छेत लहान फाउंड्री हाय, पंपाच्या बॉडी ओततो, आणि दीड वर्षं झालं उद्यमबागेतल्या एका शेडमधनं सीओटू कोअर घेतोय, म्हणजे ओतकामात आतली पोकळी ठेवायला साच्यात बसवायचे, कार्बन डायऑक्साइड गॅसनं घट्ट केलेले वाळूचे ठोकळे. माल चांगला असतो, खरं जुलैत एक लॉट असा आला की अंगठा फिरवला तर एका बाजूनं साखरेगत वाळू सुटायली आणि दुसरी बाजू दगडागत, सात बॉडी वाळू अडकून रिजेक्ट. जाऊन बघितलं तर पोरगं वाळू धरून ठेवणारं सिलिकेट (चिकट द्रव) एकाच जागी भसकन ओतून दोन मिनिटांत मिक्सर बंद करायलेलं. अहो, कणाकणावर पातळ थर बसला आणि कण जिथं एकमेकाला टेकतात तिथं तो साचला तरच गॅस सोडल्यावर कोअर धरतो की! गोळा झाला तिथं मग कोअर फोडायला छिन्नी-हातोडा.

मालकानं वाद न घालता लॉट बदलून दिला. आता वाळूच्या वजनाच्या ४ टक्के सिलिकेट मोजून, मिक्सर चालू ठेवून बारीक धारेनं सोडतात. पावसात कोअर उघडेच ठेवतात पण, दमट हवेनं ढिले पडतात, म्हणून प्लास्टिक मीच घेऊन जातो. रेट जरा चढा. चहा फर्स्ट क्लास.