आळीतलं घर की सड्यावरचा फ्लॅट: लहान मुलं घेऊन रत्नागिरीत यायचं असेल तर

डोंबिवली सोडून रत्नागिरीत आलो त्याला आता तिसरा पावसाळा. पहिले साडेपाच महिने कुवारबावच्या बाजूला एका कॉम्प्लेक्समध्ये काढले आणि तेव्हापासून टिळक आळीच्या मागच्या अंगाला एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने आहोत. आलो तेव्हा मोठी पहिलीत होती आणि धाकट्याला नुकती तीन पूर्ण झालेली. दोन्हीकडे राहून झालंय एवढंच माझं भांडवल, बाकी मी काय कोणी जाणकार नाही. हल्ली मुंबई-पुण्याकडून परत येणारे ओळखीतले सारखे हेच विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. लिफ्ट, पार्किंग, पॉवर बॅकअप वगैरे ब्रोशरमध्ये असतंच, त्यावर वेळ घालवत नाही.

ज्यांना शहर माहितीये त्यांना सांगायला नको, पण जुनी रत्नागिरी म्हणजे खालचा भाग. राम आळी, टिळक आळी, वरची आळी, खालची आळी, गोखले नाका, पुढे मांडवीपर्यंत. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबाव हे सगळं वर, आणि शहर वाढतंय ते याच बाजूला, हातखंब्याच्या दिशेने, सड्यावर म्हणजे जांभ्याच्या पठारावर. कोकण रेल्वेचं स्टेशनही तिकडेच. त्यामुळे ज्याला महिन्यातून दोनदा मुंबई गाठायचीये त्याला वरची बाजू सोयीची, यात वाद नाही.

आणि खरं सांगायचं तर फ्लॅट चांगला होता. उजेड भरपूर, वारा भरपूर, भिंतीला ओल नाही, कपड्यांना पावसाळ्यात तो कुबट वास नाही. खाली कंपाऊंडमध्ये संध्याकाळी वीस-पंचवीस पोरं खेळायची, गेटवर वॉचमन, गाड्यांची भीती नाही. बायकोला तो फ्लॅट अजून आठवतो, विशेषतः जुलैमध्ये टॉवेल तीन दिवस वाळत नाही तेव्हा. त्यामुळे मी पुढे जे लिहिणारे त्यात थोडं माझं एकट्याचं मत आहे हे धरून चाला.

मला तिथून काय उठवलं ते सांगतो. तिथे गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की हायवेचा रस्ता. मिऱ्या-नागपूर चौपदरीकरणाचं काम चाललेलं, बाजूने चालायला जागा नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला स्कूटर. कोथिंबिरीला स्कूटर, कटिंगला स्कूटर, मोठीच्या शाळेला स्कूटर. आता मोठ्या माणसाला त्यात काय एवढं, पंधरा मिनिटांचा तर रस्ता. पण आमचा धाकटा स्कूटरवर बसला की झोपायचा. कुठल्याही वेळेला. इंजिनाची घरघर आणि वारा लागला की साळवी स्टॉप यायच्या आत त्याची मान लुडकलेली. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हार्नेस आणि हेल्मेट लागतं, हा नियम २०२२ साली आला आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, वेग पण ताशी ४० च्या आत ठेवायचा. आम्ही ते सगळं घेतलेलं, पण हार्नेसमध्ये झोपलेलं पोर म्हणजे पाठीला बांधलेलं ओलं पोतं, ते एका बाजूला कलंडलं की आपणही कलंडतो.

जुलैमधली एक संध्याकाळ अजून डोक्यात आहे. साडेसातला मोठीला आठवलं की उद्या शाळेत हिरवा चार्ट पेपर न्यायचाय. बायको अजून ऑफिसातून यायची होती. बाहेर असा पाऊस की समोरचं दिसेना. दोघांना रेनकोट चढवले, हार्नेस बांधला, निघालो. नेहमीप्रमाणे साळवी स्टॉपच्या अलीकडेच हा झोपला. दुकानासमोर थांबलो तर उतरता येईना, कारण उतरलो तर हा पडणार, मोठीला एकटीला रस्ता ओलांडायला सांगायची माझी हिंमत नाही. शेवटी रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं, दुकानदार बिचारा छत्री घेऊन पलीकडे आला, चार्ट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. घरी येईपर्यंत एक कोपरा भिजलाच. इथवर ठीक होतं हो. पण सव्वाआठला घरी पोचल्यावर हा ताजातवाना जागा झाला आणि रात्री बारापर्यंत गाद्यांवर उड्या मारत होता. ज्यांच्या घरी तीन वर्षांचं मूल आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हे आठवड्यातून चार वेळा. साडेपाच महिने आम्ही दोघं धड झोपलो नाही ते त्या पंधरा मिनिटांपायी, असं माझं मत आहे, मोजमाप काय केलेलं नाही.

आळीत आल्यावर स्कूटर सुटली असं नाही, पण मुलांची सुटली. मोठीची शाळा पायी अकरा मिनिटं, धाकटा बरोबर असेल तर पंचवीस, कारण त्याला पावसाळ्यात गडग्यावरची, म्हणजे दगडी कुंपणावरची, प्रत्येक गोगलगाय बघायची असते. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत धरलीये, ते जुन्या भागात आपोआप जमतं कारण गाव वसलंच मुळी चालणाऱ्या माणसाच्या हिशोबाने. घरांच्या मधून पाळंदी म्हणजे अरुंद वाटा आहेत, पाखाड्या म्हणजे पायऱ्यांच्या वाटा आहेत, तिथे चारचाकी शिरूच शकत नाही. वाणी, दूध, डॉक्टर, केस कापणारा सगळे हाकेवर. १८२८ सालचं नगर वाचनालय पायी गाठता येतं. संध्याकाळी मांडवीला जाताना सगळे चालत, येताना धाकटा माझ्या खांद्यावर, एवढंच. चार्ट पेपर आता मोठी स्वतः आणते. दुकान आमच्या खिडकीतून दिसत नाही, पण खालच्या काकूंच्या पडवीतून दिसतं आणि काकू तिथे कायम बसलेल्या असतात. एकदा तिला बरं नव्हतं म्हणून घरी ठेवलेली, मी एकटाच दूध आणायला निघालो तर पाच पावलांत तीन जणांनी विचारलं, "काय वो, आज शाळेला दांडी काय?" याचा काही लोकांना त्रास होतो. मलाही पहिले दोन महिने झाला.

आता आळीची दुसरी बाजू, कारण जुनं घर म्हटलं की लोकांना एकदम जांभ्याच्या भिंती आणि पडवीतला झोपाळाच दिसतो. फूटपाथ नाहीत, हे पहिलं लक्षात घ्या. चालायला मजा येते ती आतल्या गल्ल्यांत, राम आळीतून संध्याकाळी दोन पोरं घेऊन जाणं म्हणजे प्रत्येक बाईकला कोपर दाखवत जाणं, आणि गणपतीच्या आधीचे आठ दिवस तर तिकडे फिरकूच नये. पाखाडीवर पावसात शेवाळ धरतं. आमची मोठी पहिल्याच वर्षी घसरली, हनुवटीला दोन टाके. त्यानंतर मी जून ते सप्टेंबर आमच्या वाटच्या सात पायऱ्यांवर दर रविवारी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतो, हे काम भाड्यात धरलेलं नव्हतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच्यापुढे कौलारू घर म्हणजे एखादं कौल सरकलेलं असणारच, मेमध्ये घर शाकारून घ्यायला माणूस मिळेपर्यंत जून उजाडतो. जिना लाकडी आणि उभा, वरच्या तोंडाला आम्ही सुताराकडून छोटं फाटक करून घेतलं. आणि परसात विहीर असेल तर जाळी टाकल्याशिवाय सामान हलवू नका, घरमालक "इतकी वर्षं कोणी पडलं नाही" म्हणतील, तरीसुद्धा. सापांचं विचाराल तर ते दोन्हीकडे, सड्यावर फुरसं काय कमी नाहीत. उन्हाळ्यात पाणीही दोन्हीकडे रडवतं, फरक एवढाच की तिथे टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये यायचं, इथे नळ नसेल त्या दिवशी विहिरीवर पंप लावतो.

मधला पर्याय म्हणून बरेच जण मारुती मंदिर, माळनाका सुचवतात. वाईट नाही. स्टेडियम जवळ, दुकानं खाली. पण मला तिथलं ट्रॅफिक बघून मुलांचा हात सोडवत नाही, आणि हात सोडता येत नसेल तर मग काय चालणं.

रत्नागिरीऐवजी कोकणात दुसरीकडे बघत असाल तर जुनी वस्ती म्हणजे चांगलीच असं धरून चालू नका. चिपळूणला बाजारपेठेच्या आसपास पायी सगळं मिळतं, पण २००५ ला आणि परत २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तिथे शिरलं. माझ्या मित्राच्या तिथल्या घरात पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे. तिथे घर बघताना भिंती आधी बघा, किचन नंतर.

विकत घ्यायचं असेल तर मात्र माझं पारडं एवढं जड नाही, फ्लॅटचे कागद सरळ असतात. आळीतलं घर आवडलं तर आधी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. आम्हाला पसंत पडलेल्या एका घराच्या पत्रिकेवर अकरा नावं निघाली, त्यातले दोघे परदेशात, एक वारलेले आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. घरात राहणाऱ्या आजी मनापासून द्यायला तयार होत्या, पण त्यांच्या एकटीच्या सहीला काय अर्थ. म्हणून आम्ही अजून भाड्याने आहोत आणि तूर्त त्याचं वाईट वाटत नाही. मुलं दहा-बारा वर्षांची असती, सायकली घेऊन स्वतःची स्वतः फिरणारी, किंवा घरात जिना चढवत नाही असे आईवडील असते, तर कदाचित मी पण लिफ्टवाल्या बाजूला झुकलो असतो. तीन ते आठ वयाची असतील तर मी आळीच सुचवेन, बघा पटतंय का.

बघायला याल तेव्हा एवढं करा, मे महिन्यात सुट्टीला आलात तसं बघून जाऊ नका, तेव्हा सगळीच घरं कोरडी आणि आंबे पिकलेले असतात. जुलैमध्ये या, संध्याकाळी सहाला, सगळ्यात लहान पोराला घेऊन, आणि गाडी लांब लावून त्या घरापासून दुधाच्या दुकानापर्यंत चालत जाऊन परत या.

आमची गाडी आळीत शिरत नाही, ती थोड्या अंतरावर एकांच्या आवारात महिन्याच्या भाड्याने लावतो. गेल्या महिन्यात सासूबाईंना स्टेशनवरून आणायला निघालो तर सुरूच होईना. मेकॅनिकने विचारलं कधीपासून बंद आहे, तर बायको आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. सासूबाई रिक्षाने आल्या.