किडनीचं प्रोबायोटिक आणि जळगावचा मे महिना : ५ पैकी ३ स्टार

आबांना मे महिन्यात जुलाब लागले, त्यात गुडघ्यासाठी पेनकिलर चालूच, मग लघवी कमी झाली आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालली नाही की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) वाढलं. किडनीला अचानक मार बसलाय म्हणाले डॉक्टर, पेनकिलर बंद केल्या, सलाईन लावलं आणि डायलिसिसची वेळ न येता आकडा खाली आला. ही प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जिवाणूंची कॅप्सूल घरी आल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू केली, त्यामुळे क्रिएटिनिनचं श्रेय हिला देणार नाही, ते आधीच उतरत होतं.

कल्पना मात्र पोकळ नाहीये. आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट बनवतात, आणि उंदरांच्या किडनीचं रक्त थांबवून परत चालू केलं तेव्हा ज्यांना ही द्रव्यं दिली होती त्यांच्या किडनीला इजा कमी झाली. पण जिवाणू प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोलही बनवतात, लिव्हर त्याचं इंडॉक्सिल सल्फेट हे किडनीला घातक द्रव्य करतं आणि किडनी बसली की ते रक्तात साचतं. म्हणजे पोट बिघडलं की किडनीला त्रास आणि किडनी बसली की पोटाला, दोन्हीकडून. तरी माणसात अशा कॅप्सूलने ही इजा भरून येते हे सिद्ध झालेलं नाही, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात 'क्रिएटिनिन कमी करते' छापलंय ते मला अजिबात पटलं नाही.

आता मेन गोष्ट. डब्यावर लिहिलंय २५ डिग्रीच्या खाली ठेवा. आपल्याकडे मे मध्ये पारा ४४-४५ ला जातो, आणि मेडिकलवाल्याने डबा काढला तो उन्हाच्या बाजूच्या काचेच्या कपाटातून, हातात घेतला तर कोमट! जिवंत जिवाणू विकताय तर ते जिवंत राहतील असं ठेवा ना भाऊ. मी परत केला आणि दुसऱ्या दुकानातून फ्रिजमधला घेतला, घेताना तुम्हीपण हात लावून बघा.

फायदा म्हणाल तर गॅस कमी झाला, पोट रोज साफ होतंय, आबा म्हणतात "आते बरं वाटस". पण त्याच काळात ज्वारीची भाकरी आणि ताकही परत सुरू झालं होतं, सगळं कॅप्सूलचंच कसं म्हणू. किंमतही जास्तच आहे.

पेशंट आयसीयूत असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर स्वतःच्या मनाने देऊ नका, क्वचित हेच जिवाणू रक्तात जाऊन इन्फेक्शन करतात. आणि रावेर-यावलकडचे पाहुणे प्रेमाने केळी घेऊन येतात, पण केळ्यात पोटॅशियम भरपूर आणि बसलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून पोटॅशियमचा रिपोर्ट बघितल्याशिवाय ती पेशंटला देऊ नका.