मिनी लेथ की जुनं साडेचार फुटी?

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत टूलने कापायचं यंत्र. सात बाय चौदा इंची (सुमारे सात इंच व्यासाचा, चौदा इंच लांबीचा तुकडा मावणारं) मिनी लेथ साधारण 40 किलोचं. सिंगल फेजवर (घरच्या साध्या विजेवर) चालतं, वेग नॉबने कमीजास्त होतो. पितळ-ॲल्युमिनियमच्या बुशांना (पोकळ नळकांड्यांना), स्क्रूंना एवढं पुरे. माइल्ड स्टीलवर जास्त खोल कट घेतला की चॅटर (टूलची थरथर) सुरू. टूल रुतलं तर बऱ्याच मॉडेलांत हेडस्टॉकचे (तुकडा फिरवणाऱ्या डोक्याचे) प्लॅस्टिक गियर दात टाकतात, म्हणून एक जोडी आधीच आणून ठेवा.

बटाला-राजकोटचं जुनं साडेचार फुटी (बेड, म्हणजे खालचा लांब पाया, एवढा लांब) लेथ जड, म्हणूनच स्थिर. बॅकगियरवर (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या गियरवर) मोठा व्यासही सावकाश कापतं. पण पक्की फरशी हवी, मोटर थ्री फेज असेल आणि तुमच्याकडे सिंगल फेजच असेल, तर बहुधा बदलावी लागते. घेताना रंगावर जाऊ नका (तो बहुधा विकण्यापूर्वीच मारलेला). कॅरेज (टूल धरून बेडवर सरकणारा भाग) चकाजवळ (तुकडा पकडणाऱ्या पकडीजवळ) ढिलं आणि टेलस्टॉककडे (समोरच्या टोकाच्या आधाराकडे) घट्ट सरकत असेल, तर बेड झिजलाय. गिब (कॅरेजची ढिलाई काढणारी पट्टी) आवळून भागत नाही. दुसऱ्या टोकाला कॅरेज अडकतं.