शेवटचे चार आकडे २०२१ होते

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना हिशेब शिकवला आणि स्वतः मात्र ३०,१०० रुपयांच्या पावत्या न वाचता खिशात घातल्या. लाजेपोटी हे कुणाला सांगणार नव्हतो. पण गेल्या महिन्यात शेजारची एक बाई जमिनीच्या दाव्याचे कागद पिशवीत घालून, मला कोर्टाच्या कामात फसवलेल्या त्याच माणसाकडं निघाली होती. तिला एसटी स्टँडवर गाठून थांबवलं तेव्हा ठरवलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं.

प्रकरण माझ्या लेकीच्या पोटगीचं. जावयानं तिला आणि पाच वर्षांच्या नातवाला 'चार दिवस राहू दे' म्हणून आणून सोडलं, ते सोडलंच. वर्षभर वाट बघितली. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही बाप-लेक तालुक्याच्या कोर्टात गेलो. आमचा जिल्हा सोलापूर. तालुक्याच्या कोर्टाबाहेर सगळीकडं जे असतं तेच इथंही: टायपिस्ट, स्टॅम्पवाला, झेरॉक्स, चहाची टपरी. त्यातच एका गाळ्यावर नवाकोरा फ्लेक्स. 'ई-फायलिंग, ऑनलाईन तारीख, व्हीसी सुविधा.' म्हणजे अर्ज ऑनलाईन दाखल करायचा आणि व्हिडिओवरूनच कोर्टात हजर व्हायचं. आत एसी, लॅपटॉप, भिंतीवर न्यायदेवतेचं चित्र. मला वाटलं, हे सरकारनंच उघडलेलं काहीतरी असणार.

"या गुरुजी." मी शिक्षक आहे हे त्यानं टोपी-पिशवीवरून ओळखलं असावं. "आता कोर्टात कागद चालत नाहीत, सगळं ऑनलाईन. साहेबांचं ऑनलाईनचं काम मीच बघतो." साहेब म्हणजे एक वकील. नाव खरं, सनद खरी, तालुक्यात इज्जत असलेला माणूस. साहेब कुठं आहेत विचारलं तर म्हणे मुंबईला, हायकोर्टात. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, पण तेव्हा मुंबईचं कारण सहज खपायचं. लेकीनं कोऱ्या वकीलपत्रावर सही केली. मी बघत उभा होतो. वर्गात एखाद्या पोरानं कोऱ्या कागदावर सही केली असती तर मी त्याचा कान धरला असता.

वकील फी १५,००० रोख. 'कोर्ट फी' ६,०००. 'ई-फायलिंग चार्ज' २,५००. नोटीस बजावणीचे ३,०००. पुढं प्रत्येक तारखेला 'व्हीसी लिंक'चे १,२०० याप्रमाणे तीन तारखांचे ३,६००. प्रत्येक वेळी शिक्का मारलेली पावती मिळायची, त्यावर बारीक अक्षरात 'सल्ला व सेवा शुल्क' छापलेलं. सरकारात ऑनलाईन पैसे भरले की पावतीवर जीआरएन नावाचा नंबर येतो, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या एकाही पावतीवर तो नव्हता.

त्या व्हीसीचं सांगतो, कारण तिथंच मी सगळ्यात जास्त फसलो. दुसरी तारीख नोव्हेंबरात. लेकीनं सकाळी अंघोळ करून इस्त्रीची साडी नेसली. तांदळाच्या डब्यावर मोबाईल टेकवला, मागं उजेड यावा म्हणून खिडकी उघडली, नातवाला त्याच्या आजीनं परसात नेलं. अकरा वाजता लिंक उघडली. काळा पडदा, त्यावर 'कोर्ट हॉल ३'. खाली त्या माणसाचा आवाज: "थांबा, मॅडम डायसवर येतायत." लेक हात जोडून बसलेली. दहा मिनिटांनी, "ताई, नाव सांगा." तिनं नाव सांगितलं. मग खरखर, आणि लिंक बंद. पाच मिनिटांनी फोन: "गुरुजी, सर्व्हर गेला, पण हजेरी लागली. पुढची तारीख जानेवारीत." लेकीनं त्या काळ्या पडद्यालाही नमस्कार केला होता. हे आठवलं की अजून घास उतरत नाही.

संशय यायला निमित्त झालं दहा टक्क्यांचं. जानेवारीत तो म्हणाला, निकालानंतर थकलेल्या पोटगीचे जे पैसे येतील त्यातले दहा टक्के साहेबांचे, तसं लिहून द्या. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा लॉ कॉलेजला शिकतो. त्याला सहज विचारलं तर तो उठूनच बसला. दाव्यातून जे मिळेल त्यात वकिलानं हिस्सा मागणं बार कौन्सिलच्या नियमांनाच धरून नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता खटल्यात अशी टक्केवारीची फी बेकायदा ठरवली आहे, म्हणाला. मग त्यानं एकच प्रश्न विचारला, जो मी सहा महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.

"काका, सीएनआर काय आहे?"

माझ्याकडं नंबर होता. गाळेवाल्यानं एका पावतीच्या मागं पेनानं लिहून दिला होता, मी मागितला म्हणून नव्हे, दबदबा वाढावा म्हणून. सोळा अक्षरं-आकडे. पोरानं तो अ‍ॅपमध्ये टाकायच्या आधीच डोक्याला हात लावला. "शेवटचे चार आकडे २०२१ आहेत. तुमचं प्रकरण २०२४ चं ना?"

देशातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांतल्या प्रत्येक प्रकरणाला असा एक सीएनआर नंबर मिळतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन जागा त्या कोर्टाच्या, सहा आकडे प्रकरणाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. कलेक्टर कचेरीतल्या बारनिशीसारखंच, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीसारखं, फक्त ही बारनिशी घरबसल्या बघता येते. ईकोर्ट्स सर्व्हिसेसचं अ‍ॅप फुकट आहे. नंबर टाकला की अर्ज कधी दाखल झाला, पुढची तारीख कधी, आजवर काय काय झालं, सगळं दिसतं. आम्ही टाकला. दुसऱ्याच एका जिल्ह्यातलं, एका बँकेचं न वटलेल्या चेकचं प्रकरण उघडलं. माझ्या लेकीचं नाव त्यात असायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आत गेलो. फाटकातून आत, गाळ्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर 'ई-सेवा केंद्र' अशी पाटी आहे. सहा महिने तिच्यासमोरून जात होतो. तिथल्या मुलीनं नाव, वर्ष, कोर्ट सगळ्या तऱ्हांनी शोधलं. असा अर्जच दाखल नाही. मी विचारलं, ई-फायलिंगचे २,५०० कुठं जातात? ती म्हणाली, आम्ही अर्ज ऑनलाईन दाखल करायला मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

त्या वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते मुंबईला नव्हते, अंगणात पेपर वाचत बसले होते. त्यांनी वकीलपत्र बघितलं, सही त्यांची नव्हती. तो माणूस कधीकाळी त्यांच्याकडं चार महिने कारकुनी करून गेला होता, एवढाच संबंध.

त्यांनीच मला तालुका विधी सेवा समितीकडं पाठवलं. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिचं किंवा तिच्या बापाचं उत्पन्न बघितलं जात नाही. मी पेन्शनर म्हणून हे आपल्यासाठी नाही असं मनाशी धरून बसलो होतो. (१५१०० या नंबरवरही विचारता येतं.) समितीनं दिलेल्या वकीलबाईंनी गाळेवाल्याच्या अर्जाची झेरॉक्स बघितली आणि हसल्या. वर लिहिलं होतं, फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १२५. तारीख ऑगस्ट २०२४ ची. "गुरुजी, १ जुलैपासून नवा कायदा लागू आहे. आता पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. यानं जुन्याच कुणाच्या तरी अर्जावर तुमच्या लेकीचं नाव चिकटवलंय." आणि कोर्ट फी? पोटगीच्या प्रकरणात बायकांना महाराष्ट्र सरकारनं कोर्ट फी १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं माफ केलेली आहे. म्हणजे तीस वर्षांपूर्वी माफ झालेल्या फीचे मी ६,००० मोजले.

पैशांचं दुःख एकवेळ गिळलं असतं. पण वकीलबाईंनी पुढचं सांगितलं ते जास्त लागलं. सर्वोच्च न्यायालयानं रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० ला ठरवून दिलंय की पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची. आमचा खरा अर्ज दाखल झाला फेब्रुवारी २०२५ मध्ये. ऑगस्टमध्ये झाला असता तर सहा महिने आधीपासून हिशेब लागला असता. मंजूर किती होईल ते कोर्ट ठरवेल, पण मागितलेले दरमहा ८,००० धरले तर ४८,००० रुपये गेले, तेही माझे नव्हे, नातवाचे. गाळेवाल्यानं दिलेल्या पावत्यांत हा आकडा कुठंच नाही.

मग मी या विषयाच्या मागंच लागलो, रिकामा माणूस. कोर्टं संगणकावर आणायचा हा केंद्राचा प्रकल्प २००७ पासून चालू आहे. दुसऱ्या टप्प्याला १,६७० कोटी मंजूर झाले होते. तिसऱ्या टप्प्याला १३ सप्टेंबर २०२३ ला मंत्रिमंडळानं चार वर्षांसाठी ७,२१० कोटी दिले. पैसा केंद्राच्या न्याय विभागाचा, दिशा सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची, अंमल हायकोर्टांचा. वर हिशेब ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि काम झालंय हेही खरं, नाहीतर तो पोरगा दोन मिनिटांत माझा नंबर खोटा ठरवू शकला नसता. पण हीच फुकटची सोय फाटकाबाहेर विकायला कुणीही बसावं आणि त्याला कुणी हटकू नये, याचा हिशेब कुणाकडं आहे? संगणकांची खरेदी तपासली जाते. पक्षकार आतल्या पाटीपर्यंत पोचतो का बाहेरच्या फ्लेक्सवरच अडकतो, हे तपासताना मी तरी कुणाला बघितलं नाही. एवढ्या कोटींत फाटकावर एक मोठा बोर्ड बसत नाही का, 'ई-फायलिंगच्या मदतीला पैसे लागत नाहीत' असा?

फीचंही तसंच. कोर्ट फीला कायदा आहे, पै-पैचा तक्ता आहे. वकिलानं पक्षकाराकडून किती घ्यावेत याला मात्र सरकारची कमाल मर्यादा नाही. सुनीता खटल्यातच न्यायालयानं या फीसाठी कायद्याची गरज बोलून दाखवली होती. वकिलाविरुद्ध ग्राहक मंचात जायची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालानं बंद झाली. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडं करता येते, पण ती सनद असलेल्या वकिलाची. माझा माणूस तर वकीलच नव्हता, म्हणून पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद दिली. मोबाईलवरून पाठवलेले पैसे बँकेच्या उताऱ्यावर दिसतात, तेवढे मान्य झाले. रोख १५,००० चं काय, असं हवालदारांनी तीनदा विचारलं.

गाळा बंद नाही. फ्लेक्सवरच्या 'ई-फायलिंग' या शब्दावर खाकी चिकटपट्टी मारलीय आणि खाली 'पीकविमा, पॅनकार्ड' लिहिलंय.

स्टँडवर गाठलेल्या त्या बाईला मी थेट आत, ई-सेवा केंद्रात नेलं. तिच्या दाव्याचा नंबर निघाला, पुढची तारीख कळली, मुलीनं तिच्या मोबाईलवर अ‍ॅपही घालून दिलं. बाईनं विचारलं, "किती झाले?" काही नाही म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. तिनं कनवटीची पन्नासची नोट काढून टेबलावरच्या रजिस्टरखाली सरकवली. मुलीनं परत दिली. तिनं पुन्हा सरकवली आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "गुरुजी, पैसे नाही घेतले तर काम नीट करतील का हो?"