सारसजोडीचे पेन : जपानी लाखकामाचा एक नमुना

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या धानाच्या बांधीत उतरणारी सारसांची जोडी जपानी कारागिराच्या हातून फाउंटन पेनावर उतरावी, ही माझ्या मुलीची कल्पना होती. तिने छायाचित्रे पाठवून कानाझावा येथील एका कारागिराकडून हे पेन खास घडवून घेतले. आता सेवा सहकारी संस्थेचे इतिवृत्त मी त्यानेच लिहितो. ओल्या लाखेवर सोन्याचांदीची पूड भुरभुरून चित्र घडवण्याच्या या कलेला माकी-ए म्हणतात, आणि तिचा इतका जिवंत नमुना हाती येईल असे मला कधी वाटले नव्हते.

चित्र पाहावे ते सकाळच्या तिरप्या उजेडात. काळ्याभोर दांड्यावर धानाच्या लोंब्या सोन्याच्या केसासारख्या रेघांनी काढल्या आहेत, आणि लोंबी पिकून जिथे वाकते नेमकी तिथे रेघ किंचित जाड होते. सारसाचे राखाडी अंग चांदीच्या पुडीचे आहे, तर डोके आणि मानेचा वरचा भाग हिंगूळ मिसळलेल्या लाखेने थरावर थर देऊन उंचावलेला आहे. डोळे मिटून बोट फिरवले तरी तो उंचवटा कळतो. बांधीतल्या पाण्यासाठी शिंपल्याचे अगदी बारीक तुकडे बसवले असून पेन फिरवताच ते हिरवे-निळे चमकतात. मला सर्वाधिक भावले ते टोपण आणि दांडा यांच्या सांध्यावरचे काम: मादीची मान टोपणावर आहे व अंग दांड्यावर, तरी टोपण लावल्यावर रेघ कुठेही तुटत नाही.

ही लाख आपल्याकडच्या पळसावरील किड्यांची नव्हे. ती उरुशी नावाच्या झाडाचा चीक असते आणि हे झाड आंबा व बिब्बा यांच्याच कुळातले आहे. म्हणूनच ओल्या लाखेने अंगावर तसाच दाह उठतो, जसा बिब्बा उतल्यावर आपल्याकडे उठतो. मात्र एकदा ती पक्की वाळली की हाताला काहीही होत नाही. एका झाडापासून जेमतेम 200 ग्रॅम चीक मिळतो. तो कोरड्या हवेत नीट वाळत नाही, त्याला 70 ते 80 टक्के दमटपणा लागतो, त्यामुळे प्रत्येक थर दमट कपाटात ठेवून, कोळशाने घासून, मगच पुढचा थर द्यावा लागतो. इतक्या कामाला महिने लागतात आणि किंमतही त्याच मानाने चढते. ती मला अवाजवी वाटत नाही.

पेनाचे अंग एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे आहे. उन्हाने एबोनाइट फिके पडते. 1918 मध्ये सुरू झालेल्या नामिकी या जपानी पेन-कंपनीने त्यावर उपाय म्हणून लाखेचा लेप वापरला आणि पुढे त्याच लेपावर माकी-ए बहरली. आजही लाखेमुळे पेन हातात ऊबदार लागते व घामाने निसटत नाही. आमच्याकडच्या मे महिन्यात हा गुण फार मोलाचा आहे.

निब 14 कॅरेट सोन्याची, मध्यम जाडीची आहे. जपानी निबा युरोपीय निबांपेक्षा बारीक उतरतात, म्हणून जोडाक्षरे भरून जात नाहीत आणि शिरोरेघ एका ओढीत सरळ जाते. संस्थेच्या वहीच्या खरबरीत कागदावर शाई थोडी फुटते, पण तो दोष कागदाचा आहे.

उणिवा दोन आहेत. चित्र अखंड राहावे म्हणून क्लिप लावलेली नाही, त्यामुळे उतरत्या मेजावर पेन घरंगळते. आणि कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे दौतीतून शाई ओढून घेणाऱ्या आतल्या नळीत, शाई कमी मावते, लांब सभेच्या दिवशी दौत जवळ ठेवावी लागते. लाखेला कडक ऊन सोसत नाही, तेव्हा असे पेन घेणाऱ्याने ते खिडकीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. लिहून झाल्यावर मऊ सुती कापडाने पुसले, तरी पुरते.