एसयू कार्बोरेटर स्वतः उघडला, त्याला नऊ महिने झाले

गाडी 1960 च्या दशकातली. चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर सव्वा इंची एकच एसयू एचएस2 कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनला देणारा भाग. हा अनुभव मी मुद्दाम उशिरा लिहितोय. पहिल्या सफाईनंतर गाडी इतकी सुरेख चालली की त्याच दिवशी लिहायला बसणार होतो. आठवडाभरातच सगळी दुखणी परत आली. त्यामुळे या कामाबद्दल कुणी दुसऱ्या दिवशी काही सांगितलं तर मी थांबतो. निदान दोन ऋतू जाऊ द्यावेत.

त्रास असा होता: आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनचं मंद चालणं, एका जागी राहत नव्हतं. इंजिन तापलं की सिग्नलला बंद पडायचं, प्लग काजळीने काळे आणि बॉनेट उघडलं की पेट्रोलचा वास. सगळ्यांचं एकच मत, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, साफ कर.

कचरा होताच. फ्लोट चेंबरचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीचं, झाकण काढलं तर तळाशी तपकिरी गाळ, ओल्या विटकरीच्या भुकटीसारखा. बोटाला लागला की रवाळ जाणवायचा, टाकीच्या आतला गंज होता तो. मी 40 किलोहर्ट्झचं छोटं अल्ट्रासॉनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी मळ सोडवणारं यंत्र) घेतलं आणि रबर, नायलॉनचा फ्लोट, जेटची (पेट्रोल जिथून वर येतं त्या भोकाची) नळी हे सगळं वेगळं करून बाकी धातूचे भाग त्यात सोडले. कोमट पाणी आणि सौम्य साबण, दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या. ब्रश जिथे पोचत नाही तिथला मळ निघाला, यंत्र कामाचं आहे यात शंका नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. त्यात पेट्रोल किंवा थिनर कधीही घालू नका, आग लागते. आणि कडक अल्कलीचं द्रावण वापरलंत तर अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

सक्शन चेंबर (वरचा घुमट) आणि त्यात वर-खाली होणारा कार्बोरेटरचा पिस्टन ही जोडी असते, एकमेकांना जुळवून बनवलेली. दुसऱ्या कार्बोरेटरचा पिस्टन त्यात बसवायचा नाही आणि आतून पॉलिश पेपर तर मुळीच मारायचा नाही. स्वच्छ फडकं आणि कार्ब क्लीनर एवढंच पुरे. जोडी ठीक आहे का ते बघायला पिस्टनची भोकं बंद करून, चेंबर उलटा धरून तो किती वेळात घसरतो ते मोजतात. या मापाच्या कार्बोरेटरला तीन ते पाच सेकंद लागायला हवेत. माझ्याला चार लागले, म्हणजे महागातला भाग शाबूत होता.

तरी आठवड्यात दुखणं परत आलं. खरा दोष सापडला तो इंजिन चालू असताना. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) स्पिंडलचं, म्हणजे दांड्याचं, टोक जिथे बॉडीतून बाहेर येतं तिथे कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारला आणि इंजिनचा आवाज लगेच बदलला. (इंजिन तापलेलं नसताना, एक्झॉस्टपासून दूर, अग्निशामक हाताशी ठेवून.) स्पिंडल बाहेर काढून त्यावर नख फिरवलं तर बसण्याच्या जागी नख अडकेल एवढी खाच होती. तिथून हवा आत शिरत होती, आणि ही हवा पिस्टनच्या पुढे, इंजिनच्या बाजूला शिरते, म्हणून कार्बोरेटरला तिचा पत्ताच नसतो. आयडलला मिश्रण पातळ होतं. मग माणूस काय करतो? जेटचा नट खाली फिरवून पेट्रोल वाढवतो. आयडल तेवढ्यापुरतं सुधारतं. पण रस्त्यावर थ्रॉटल उघडला की त्या गळतीचा वाटा नगण्य होतो, वाढवलेलं पेट्रोल तसंच राहतं आणि प्लग काळे पडतात. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. मी गाळ काढत बसलो आणि रोग स्पिंडलमध्ये होता.

नवीन स्पिंडल घातला, बॉडीला बुश (दांडा फिरतो त्या भोकातल्या कड्या) मात्र लेथवाल्याकडून बसवून घेतले. ते काम हाताने करण्यासारखं नाही. बटरफ्लायचे (स्पिंडलवर बसणाऱ्या गोल चकतीचे) दोन स्क्रू नेहमी नवेच घ्या. त्यांची शेपटी चिरलेली असते आणि ती फाकवून पक्की करायची असते. जुनी पुन्हा वाकवली तर तुटते, आणि तुटलेला तुकडा सरळ इंजिनात जातो.

निडल, म्हणजे पिस्टनखालची जेटमध्ये शिरणारी निमुळती सुई, बसवताना तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट लागला पाहिजे. त्यानंतर जेट मध्यावर आणणं. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. पिस्टन बोटाने उचलून सोडला की खाली टेकताना धातूचा स्वच्छ ‘टक्’ आवाज यायला हवा, जेट वर असतानाही आणि खाली असतानाही. माझा आधी ‘थप्’ असा मुका वाजत होता, म्हणजे निडल जेटच्या कडेला घासत होती. जेटचा लॉक नट जरा सैल करून, जेट हलकेच हलवून, पुन्हा आवळून, असं सहा-सात वेळा केलं. शेवटी तो आवाज आला तेव्हा फार बरं वाटलं. अजूनही महिन्यातून एकदा बॉनेट उघडून तो ऐकतो.

मिश्रणाची सुरुवात जेट पुलाच्या (पिस्टन टेकतो त्या उंचवट्याच्या) पातळीला आणून जेटचा नट दोन पूर्ण फेरे खाली, म्हणजे सहाकोनी नटाच्या बारा बाजू. मग इंजिन गरम करून पिस्टन 1/32 इंच उचलायचा. इंजिनचे फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन बसू लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून जागेवर आलं की जमलं. एका वेळी एकच बाजू फिरवा.

दुरुस्तीसाठी घेतलेल्या सुट्या भागांच्या किटबद्दल तक्रार आहे. त्यातलं फ्लोट झाकणाचं गॅस्केट चौथ्या महिन्यात फुगलं आणि कडेने पेट्रोल पाझरू लागलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल साध्या रबराला सोसत नाही. आता नळ्या आणि निडल व्हॉल्व्हचं (फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या झडपेचं) टोक इथेनॉल सोसणाऱ्या विटॉनचं घेतलंय, टाकीनंतर फिल्टर लावलाय. टाकीतला गंज तसाच आत येत राहिला असता तर सगळी मेहनत महिन्याभरात वाया गेली असती.

डॅम्परच्या (पिस्टनला झटक्यात वर जाऊ न देणाऱ्या दट्ट्याच्या) तेलाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. ते संपलं की एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, कारण पिस्टन उडी मारून वर जातो. मी एसएई 20 दर्जाचं तेल घालतो. डॅम्पर आत सोडताना त्याच्या टोपणाचे आटे टेकायला पाव इंच उरलं की बोटाला अडकाव जाणवला पाहिजे.

आजची स्थिती: तीन हजार किलोमीटर झाले, प्लग फिकट तपकिरी, सिग्नलला एकदाही बंद पडली नाही. लिटरमागे नऊऐवजी बारा किलोमीटर मिळतात. थंड सकाळी चोक जरा जास्त ओढावा लागतो. त्याची केबल आवरणात अडकते आहे, या रविवारी तीच काढणार आहे.